बाईंच्या खुर्चीतली स्प्रिंग

थिऑसॉफीच्या लॉजमध्ये, म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीच्या शाखेत, दर गुरुवारी संध्याकाळी व्याख्यान असे, आणि दर गुरुवारी निदान एक तरी माणूस बॅग घेऊन धापा टाकत जिना चढून येई आणि खोली मिळेल का, असं विचारी. बाहेरच्या पाटीवर 'लॉज' हा शब्द ठळक होता आणि 'थिऑसॉफिकल' हा बारीक. पाटी बदलायचा ठराव दरवर्षी मांडला जाई आणि दरवर्षी पुढे ढकलला जाई, कारण ज्यांचा अनेक जन्मांवर विश्वास आहे त्यांना कशाचीच घाई नसते. तोवर बॅगवाल्याला खाली नेऊन कोपऱ्यावरचं खरं लॉज दाखवायचं काम कुशनवाल्यांकडे होतं.

कुशनवाले स्वतः सभासद नव्हते. ते सभासदाचे यजमान होते. सोफे आणि खुर्च्या भरून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. लॉजमधल्या सगळ्या खुर्च्या त्यांनीच भरल्या होत्या, चहाचा थर्मासही तेच आणत, आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसून पुनर्जन्म, सूक्ष्म देह, महात्मे हे सगळं वर्षानुवर्षं एका कानाने ऐकत. दुसरा कान जिन्याकडे असे. 'आत्म्याचं मला काही कळत नाही, पण आत्मा जिथे टेकतो तिथली जबाबदारी माझी,' असा विनोद त्यांनी एकदा केला होता. लोक हसले होते. तेव्हापासून तो प्रत्येक नव्या सभासदाला ऐकावा लागे.

खऱ्या सभासद म्हणजे त्यांच्या पत्नी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणत, आणि त्या समोर नसल्या की कुशनवालेही. आवाज न चढवता अख्खा वर्ग गप्प करणाऱ्यांपैकी त्या होत्या. लॉजची जाडजूड पुस्तकं वाचताना त्या समासात पेन्सिलीने 'कशावरून?' असं लिहीत, आणि काही वर्षांनी तेच पान पुन्हा वाचून पटलं तर ते रबराने पुसत. अलीकडे त्यांचं पुसणं फार वाढलं होतं. कुशनवाल्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्या गुरुवारचा विषय होता, 'कर्म बदलता येतं का?' अध्यक्षांचा जन्म औषधांच्या दुकानात गेला होता आणि विश्वाचे नियमही ते गोळ्या मोजून दिल्यासारखे सांगत. त्यांचं म्हणणं असं, की केलेलं कर्म म्हणजे गिळलेलं औषध. ते परत काढता येत नाही, त्याचा अंमल होणारच, आणि कोणी दुसरा ते आपल्यासाठी घेऊ शकत नाही. पण वरून दुसरं काय घ्यायचं, हे आपल्या हातात असतं, आणि नवं कर्म जुन्याचा जोर कमी करू शकतं. म्हणून कर्म म्हणजे नशीब नव्हे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दुसऱ्या रांगेतल्या एका सभासदाने विचारलं, की माणूस या सगळ्यातून सुटत आला आहे, हे त्याला कळतं कसं? त्यावरचं औषध अध्यक्षांच्या दुकानात नव्हतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या. माणसाला परत जन्माला आणतात त्या गाठी, असं त्या म्हणाल्या. कुणाचा राग, कुणाची ओढ, कुणाचं राहिलेलं काही. "मी गेलं वर्षभर रोज सकाळी बसून शोधतेय. आधी खूप सापडायच्या. आता सापडत नाहीत. मला वाटतं, माझं इथलं आवरत आलंय."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की खोलीत कुणाला काय करावं ते सुचेना. एकाने टाळी वाजवायला हात उचलले आणि मोक्षाला टाळ्या वाजवतात की नाही हे नक्की नसल्याने नुसतेच चोळले. मागे कुशनवाले कपात चहा ओतत होते. कप भरला, मग बशी भरली, मग बशीखालची पत्रिका भिजली, तरी त्यांचा थर्मास वाकडाच होता.

घरी जाताना बेकरी गेली, शाळा गेली, बंद पडलेलं सिनेमागृहही गेलं, तेव्हा कुठे त्यांना वाक्य जुळवता आलं.

"म्हणजे... माझ्याशीही काही उरलं नाही?"

बाईंनी त्यांचा दंड धरला. "तुमच्याशी तर मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "आपलं किती छान मिटलंय सगळं."

पहिला नंबर आलेल्या पोराला प्रगतिपुस्तक देताना त्यांचा जो आवाज असायचा, तोच हा.

घरी आल्यावर बाई आपल्या खुर्चीत बसल्या, नेहमीप्रमाणे डावीकडे कलून. त्या खुर्चीबद्दल इथेच सांगायला हवं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कुशनवाल्यांनी ती बाईंसाठी स्वतःच्या हाताने केली होती. पुढे काही वर्षांनी बैठकीतली उजव्या अंगाची एक स्प्रिंग सुतळीतून सुटली आणि वर डोकवायला लागली. बाईंनी सांगितलं. कुशनवाले म्हणाले, "करतो." त्यानंतर त्यांच्या हाताखालून अर्ध्या शहराचे सोफे गेले, दोन बँका गेल्या, एक सर्कस गेली, ही खुर्ची काही गेली नाही. गिऱ्हाईक दारात उभं असायचं, घरची माणसं घरात बसलेली असायची. बाई पहिली काही वर्षं आठवण करून देत, कुशनवाले प्रत्येक वेळी मनापासून "करतो" म्हणत. मग बाईंनी सांगायचं सोडलं, स्प्रिंगवर टॉवेलची घडी ठेवली आणि डावीकडे कलून बसायला त्या शिकल्या. आता लॉजमधल्या धडधाकट खुर्चीतही त्या तशाच बसत. याच खुर्चीत रोज सकाळी त्यांचं ध्यान चाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुशनवाल्यांचं कशात लक्ष लागेना. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला शिलाई मशीनवर त्यांचा धाकटा भाऊ, आणि मध्ये पोट फाडून ठेवलेले सोफे. भाऊ तोंडात बारीक खिळे धरून बोलत असे आणि त्यामुळे त्याचं बोलणं टोचे, असं त्याची बायको म्हणे. त्याने दादाला तीनदा विचारलं, तेव्हा दादाने सगळं सांगितलं.

"वहिनी मोक्षाला निघाल्या, तर तुला कसला त्रास?" भाऊ म्हणाला. "आता तर इथेच आहेत ना?"

"मी पुढच्या जन्माचं म्हणतोय."

"पुढच्या जन्मी तरी सुटू दे की त्यांना, दादा."

कुशनवाले हसले नाहीत, तेव्हा भावाने तोंडातले खिळे काढून हातात घेतले. प्रकरण गंभीर होतं. दादा, तुझा या सगळ्यावर विश्वास आहे का, असं त्याने विचारलं. कुशनवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. सात सूक्ष्म देहांवर नव्हता. हिमाच्छादित डोंगरातून जगाचा कारभार पाहणाऱ्या महात्म्यांवर कामापुरता होता. पण बाईंवर पूर्ण विश्वास होता, आणि त्या बाई म्हणत होत्या की त्या परत येणार नाहीत. आपण मात्र येणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आपल्यासारख्याला एका फेरीत कोण सोडतो? मग पुन्हा जन्म, पुन्हा शाळा, पुन्हा धंदा, आणि कुठल्याही घरात, कुठल्याही खुर्चीत ही नाही. हा विचार त्यांना फोममध्ये राहून गेलेल्या सुईसारखा लागला होता. दिसत नव्हता, पण कुठेही टेकलं तरी टोचत होता.

लॉजच्या मागच्या रांगेत बसून एका कानाने त्यांनी जे गोळा केलं होतं, त्यात एवढं नक्की होतं, की माणसं परत एकत्र येतात ती दोन कारणांनी. प्रेमामुळे किंवा वैरामुळे. प्रेम तर सगळा संसारभर करून पाहिलं होतं, आणि त्याचा निकाल 'छान मिटलंय' असा लागला होता. म्हणजे राहिलं वैर.

"मग भांड," भाऊ म्हणाला. "काहीतरी असं कर की त्यांच्या मनात राहील."

"मला कुठे येतं भांडता?"

"मी सांगतो. माझ्या घरी ये, बघायला मिळेल."

अशा रीतीने, वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं जुनी भांडणं मिटवायला लागतात, त्या टप्प्यावर कुशनवाल्यांनी नवं काढायला घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी बाईंचा चष्मा पिठाच्या डब्यामागे लपवला. बाईंनी थोडं शोधलं, मग डोळ्यांना आज विश्रांती मिळाली म्हणून दिवसभर डोळे मिटून बसल्या आणि संध्याकाळी फार ताज्यातवान्या दिसल्या. मग कुशनवाल्यांनी चहा मुद्दाम गार करून दिला. बाईंनी तो प्यायला आणि गार चहाही वाईट लागत नाही, आपण उगीच गरमाची सवय लावून घेतो, असं म्हटलं. दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीला फोन करून त्यांनी तुझ्या आईच्या हाताची चव गेली, असं सांगितलं. लेकीने घाबरून आईला फोन केला. आई म्हणाली, खरं आहे, मीठ कमीच पडतंय अलीकडे, बरं झालं बाबांनी सांगितलं. मग लेकीने पुन्हा बाबांना फोन केला आणि तुमचं दोघांचं बरं चाललंय ना, असं विचारलं. फारच बरं चाललंय, हाच घोळ आहे, असं कुशनवाले म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंचा वाढदिवस विसरायचं त्यांनी ठरवलं. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण मुद्दाम विसरायचं म्हणजे दिवसभर लक्षात ठेवावं लागतं. ते सकाळी लवकर बाहेर पडले, फुलांच्या दुकानासमोरून तीनदा गेले आणि तीनदा रस्ता ओलांडून पलीकडे झाले. संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने घरी आले तर बाई म्हणाल्या, "आज माझा वाढदिवस होता. मीसुद्धा विसरले होते. लक्षण चांगलं आहे."

शेवटी त्यांनी खिडकीतल्या वेलीकडे मोर्चा वळवला. ती वेल बाईंनी एका पानापासून वाढवली होती. कुशनवाले कारखान्यातली मोठी कात्री घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी दोन सुकलेली पानं कापली, आणि एकदा कात्री हातात आहेच तर म्हणून वाळक्या फांद्याही छाटल्या, माती हलवली, पाणी घातलं. पंधरवड्यात वेलीने नवी पानं धरली. बाईंनी ती त्यांना बोलावून दाखवली आणि म्हणाल्या, "तुमचा हात लागला की वस्तू कशी नीट होते." मग जरा थांबून, "नव्या खुर्च्या म्हणा, वेली म्हणा."

जुन्या खुर्चीचं त्या काही बोलल्या नाहीत. कुशनवाल्यांच्याही ते लक्षात आलं नाही. ते माफीच्या विचारात होते. बाई रागवायला तयारच नव्हत्या. चूक त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच माफ होत होती. आणि दुष्टपणाची सवय नसल्याने कुशनवाल्यांना अपचन व्हायला लागलं.

अपचनाचं निमित्त करून ते अध्यक्षांकडे गेले. दुकान विकलं तरी दुकानातली लाकडी कपाटं अध्यक्षांनी बैठकीच्या खोलीत आणून ठेवली होती, आणि पूर्वी जिथे खोकल्याच्या गोळ्या असत त्या खणांत आता लॉजची पत्रकं होती. कुशनवाल्यांनी सुरुवात केली, "समजा, एक माणूस आहे."

"वय काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याएवढं. समजा, त्याच्या बायकोचं कर्म संपत आलंय आणि त्याचं नाही. तर त्याने तिच्याशी थोडं वाईट वागून काही उरवून ठेवलं, तर ती परत येईल का?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. 'एक माणूस आहे' अशी सुरुवात करणारी पुष्कळ माणसं त्यांनी दुकानात पाहिली होती. त्यांना कोणता मलम हवा असतो हे ते न विचारता ओळखत. वाईट कर्म करणाऱ्याला चिकटतं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. ज्याच्यावर होतं त्याने मनात धरलं तरच त्यालाही. तिने जागच्या जागी माफ केलं, तर तिच्या बाजूची दोरी तिथेच तुटली. म्हणजे हा माणूस चष्मा, चहा, वाढदिवस हे सगळं ओझं घेऊन एकटाच परत येणार.

"चष्म्याचं तुम्हाला कसं कळलं?"

"बाई हसून सांगत होत्या. तुमची तब्येत विचारत होत्या माझ्याकडे."

कुशनवाल्यांचा चेहरा बघून अध्यक्षांनी सौम्य मात्रा काढली. दोन जन्मांच्या मध्ये एक लांबलचक सुखाची अवस्था असते, तिला देवचन म्हणतात, असं ते म्हणाले. तिथे आपलं माणूस आपल्यासोबत असतं. शेकडो वर्षं.

"ती स्वतः असते?"

"तसं नाही. आपल्या मनाने केलेलं तिचं रूप असतं. पण इतकं हुबेहूब, की फरक कळत नाही."

"म्हणजे फोटो."

"फोटोपेक्षा पुष्कळ बरं. चालतं, बोलतं."

कुशनवाल्यांनी मान हलवली. "मला कळेल. माझ्या मनाने केलेली असेल तर ती 'कशावरून' म्हणणार नाही."

मग कर्म बदलता येतं का, या त्या गुरुवारच्या प्रश्नावर अध्यक्ष पुन्हा आले, पण या वेळी गोळ्यांची भाषा बाजूला ठेवून. नियम बदलत नाही, असं ते म्हणाले; त्यात माणूस नवं काही घालू शकतो, आणि सगळ्यात जोरदार असतं ते कर्म ज्यात स्वतःसाठी काहीच नको असतं. तेवढंच माणसाला वर काढतं. "कुशनवाले, तुम्ही त्यांच्यासाठी काही करत नाही आहात. तुम्ही त्यांना बांधायला बघताय. त्यांनी इतक्या वर्षांत एकेक गाठ सोडवली, आणि तुम्ही मागून नव्या मारताय."

हे बोलणं झालं आणि कुशनवाले जिना उतरले तेव्हा त्यांचं अपचन थांबलं होतं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी बसलं होतं. त्यांना सकाळच्या बाई दिसत होत्या: थंडीत शाल घेऊन, उन्हाळ्यात खिडकी उघडी टाकून, लेक तापाने आजारी असताना तिच्या उशाशी, आणि एरवी नेमाने त्या खुर्चीत, डोळे मिटून, डावीकडे कललेल्या. एवढ्या वर्षांचं बाईंचं काम, आणि आपण चष्मे लपवत होतो. आणि मग त्यांना ते कलणं दिसलं. इतकी वर्षं बघून दिसलं नव्हतं, ते आता रस्त्याच्या मधोमध, एका हातगाडीवाल्याच्या शिव्या खात असताना दिसलं. बाईंचं आपल्याकडे एकच काही राहिलं होतं, आणि ते त्यांनी मागायचंही सोडून दिलं होतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी थर्मास भरून बाईंच्या हातात दिला आणि कारखान्यात काम निघालंय, मी येत नाही, असं सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या गेल्यावर कुशनवाल्यांनी खुर्ची खिडकीपाशी उजेडात ओढली, उलटी केली आणि खालचे खिळे काढायला सुरुवात केली.

स्वतःचंच तरुणपणीचं काम उघडणं हा विचित्र अनुभव असतो. खिळे गरजेपेक्षा जास्त मारलेले, सुतळी नको तिथे दुहेरी. नवीन लग्न झालेल्या माणसाचं काम ते. खुर्ची कधी तुटूच नये, अशा बेताने केलेलं. आतल्या काथ्यातून बाईंची एक पेन्सिल निघाली, केसांचे आकडे निघाले, एक खोडरबर निघालं, लेकीच्या फ्रॉकचं बटण निघालं. त्यांनी ते सगळं खिडकीत ओळीने मांडलं. स्प्रिंगांखालच्या जुन्या पट्ट्या काढून नव्या ताणून ठोकल्या. दगाबाज स्प्रिंग बाहेर काढली. ती एका बाजूला दबून वाकली होती, जशा बाई. तिच्या जागी नवी ठेवून चारी बाजूंनी सुतळी आवळली आणि तळव्याने दाबून पाहिली. ती सरळ खाली गेली, सरळ वर आली. आयुष्यात त्यांनी याहून चांगलं काम केलं नव्हतं, आणि कुठल्याही कामाचं इतकं वाईट वाटलं नव्हतं. काथ्या पिंजता पिंजता ते मध्येच थांबत आणि बाहीने नाक पुसत. काथ्याची धूळ फार उडते.

त्यांना काही नको होतं. हे त्यांनी स्वतःशी तपासून पाहिलं. ती सुखाने बसावी आणि जायचं तेव्हा सुखाने जावी. मागे काही राहिलं म्हणून तिला वळून बघावं लागू नये, एवढंच.

दार वाजलं तेव्हा अजून काथ्यावर कापड चढायचं होतं. बाई लवकर आल्या होत्या. खरं सांगायचं तर लॉजमध्ये आज सगळंच बिनसलं होतं. चहा कुणाला नीट ओतता आला नव्हता. बॅग घेऊन आलेल्या माणसाला खाली न्यायला कोणी नसल्यामुळे तो मागच्या रांगेत बसला होता आणि सूक्ष्म देहांवरचं व्याख्यान ऐकता ऐकता इतका गाढ झोपला होता, की त्याला साधक समजून कुणी हलवलं नाही. आणि मध्यंतरात अध्यक्षांनी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं होतं. औषध कुणाकुणाला दिलं हे पोटात ठेवता ठेवता त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी तो संयम सोडला होता.

बाई दारातच उभ्या राहिल्या. उलटीपालटी खुर्ची, जमिनीवर काथ्या, खिडकीतली पेन्सिल आणि आकडे, आणि मधे धुळीने माखलेला नवरा.

"हे काय करताय?"

"करतो म्हणालो होतो ना," कुशनवाले म्हणाले. "तुझं माझ्याकडे काही राहायला नको. आता तू मोकळी."

बाईंनी थर्मास खाली ठेवला. लहान स्टूल ओढून त्या त्यांच्याजवळ बसल्या आणि वाकलेली जुनी स्प्रिंग हातात घेऊन फिरवून फिरवून पाहू लागल्या, वर्गात एखादा नमुना दाखवताना पाहावा तशी.

"मी लॉजमध्ये एक चुकीचं बोलले," त्या म्हणाल्या. "गाठ कुठे सापडत नाही, म्हणाले. सगळीकडे शोधलं होतं हो. फक्त खुर्चीत नाही बघितलं. तिच्यावर मीच बसले होते ना."

कुशनवाल्यांना कळलं नाही.

"रोज सकाळी डोळे मिटले की ही टोचायची. आणि इतक्या वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की त्या क्षणी माझ्या मनात ब्रह्मांडाचा विचार आला. पहिला विचार यायचा, 'करतो म्हणाले होते.' असा राग यायचा. मग तुम्ही स्वयंपाकघरात भांडी पाडायचात, मला हसू यायचं, आणि मग ध्यान लागायचं." त्यांनी स्प्रिंग त्यांच्या हातात दिली. "चष्मा माफ केला. चहा माफ केला. वाढदिवसाला तुम्ही फुलांच्या दुकानासमोर घिरट्या घालत होतात, हे फुलवालीने सांगितलं, तेही माफ. ही मी माफ केलेली नाही. करणारही नाही. आहे तशी परत बसवा."

"अगं, पण तुझी साधना. एवढ्या वर्षांची."

"महात्मे मोक्षाच्या दारापर्यंत पोचून मागे फिरतात. साऱ्या जगासाठी." बाईंनी त्यांच्या भुवईवरचा काथ्या काढला. "मला जग झेपणार नाही. मी एका कुशनवाल्यापासून सुरुवात करते."

कुशनवाल्यांनी कारागिराची अडचण पुढे केली. चांगलं बसवलेलं काम मुद्दाम बिघडवणं हाताला जमत नाही, असं ते म्हणाले. स्प्रिंग आपोआप सुटणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. ती नेमकी तशीच टोचेल, याची काही हमी देता येत नाही.

"प्रयत्न करा," बाई म्हणाल्या. नापास पोरांना त्या असंच म्हणत.

त्यांनी नव्या स्प्रिंगची सुतळी कापली. जुनी पुन्हा आत ठेवली, सैल बांधली, उजवीकडे झुकवली. काथ्या पसरला, कापड ओढलं, खिळे मारले. खुर्ची सरळ केली आणि मागे सरकून उभे राहिले. बाई येऊन बसल्या. डोळे मिटले. कपाळावर एक आठी आली, गेली.

"थोडी डावीकडे होती."

कुशनवाल्यांनी खुर्ची पुन्हा उलटी केली, एक खिळा काढला, आत बोट घालून स्प्रिंग सरकवली, खिळा परत मारला. बाई पुन्हा बसल्या आणि या वेळी बसल्या बसल्याच चटका लागल्यासारख्या डावीकडे कलल्या. मग त्यांनी टॉवेलची घडी मागितली, स्प्रिंगवर ठेवली आणि समाधानाने पाठ टेकली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बरोबर आहे." जरा वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "अहो, ही खुर्ची दुरुस्त कधी करणार?"

कुशनवाले जमिनीवरचा काथ्या गोळा करत होते.

"करतो," ते म्हणाले.